खुर्चीत बसलेल्याची भीती

२०२४ च्या जूनमध्ये शाळेचा चार्ज माझ्याकडे आला. आमचे मोठे सर सेवानिवृत्त झाले, ज्येष्ठतेच्या यादीत त्यांच्यामागे माझे नाव होते, म्हणून मी प्रभारी मुख्याध्यापिका झाले. सरांनी कपाटाच्या किल्ल्या दिल्या, डेडस्टॉक रजिस्टर दिले, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब समजावून सांगितला आणि सर्वांत शेवटी खणातून शाळेचा रबरी शिक्का काढून माझ्या हातावर ठेवला. "बेटी, इसको संभालना," एवढेच म्हणाले.

मी तो सांभाळला. इतका सांभाळला की पहिले चार-पाच महिने शिक्का शाळेत ठेवलाच नाही. पर्समध्ये घालून रोज संध्याकाळी एस.टी.ने पणदऱ्याला घरी आणायचा आणि सकाळी परत न्यायचा. एकदा रविवारी पर्स धुवायला काढली तेव्हा शिक्का बाजूला ठेवला, तर आमच्या धाकट्याने त्याने वहीची चार पाने निळी केली. मी त्याला अशी काही रागावले की सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोर आहे, खजिना थोडाच लुटलाय त्याने?"

शाळेचे आणि शाळेच्या गावाचे नाव मी लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्याबरोबर इतरांचीही अब्रू गुंतलेली आहे.

हाती अधिकार असलेला माणूस घाबरतो कशाला, आणि त्याच्या भीतीची किंमत दुसऱ्यांनी मोजली तर दोष कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. आजवर साहेब लोकांविषयी तक्रार करणाऱ्यांच्या रांगेत मी होते. माझ्या पहिल्या नोकरीत एका वरिष्ठांनी माझ्या रजेचा अर्ज तीन आठवडे दाबून ठेवला होता, ते मी अजून विसरलेले नाही. पण खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला गेल्यावर काही वेगळेच दिसले.

आधी 'प्रभारी' या शब्दाविषयी सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीत १५० हून अधिक आणि सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुले असतील तर पूर्ण वेळ मुख्याध्यापक मिळतो. आमच्यासारख्या कमी पटाच्या शाळेत शिक्षकांपैकीच एकाने तो कारभार ओढायचा. वर्ग शिकवायचाच, शिवाय ऑनलाइन माहिती भरायची, केंद्रप्रमुखांना उत्तरे द्यायची, पालकांची समजूत काढायची. पद हे, पण पदाचे कागद नाहीत. आज आहे, उद्या दुसऱ्या कोणाला 'चार्ज द्या' असा फोन आला की संपले. त्यात पट कमी झाला की संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाच्या यादीत जातो. उर्दू माध्यमाच्या शाळांना ही टांगती तलवार जास्त जाणवते, कारण आसपासची दहा घरे इंग्रजी माध्यमाकडे वळली की एक वर्ग रिकामा होतो. पुढे १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: ज्यांच्या सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न त्याच निकालात मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये चहा गार होत होता आणि पन्नाशीला टेकलेले लोक एकमेकांना बालमानसशास्त्राचे प्रश्न विचारत होते.

म्हणजे भीतीला जागा होती. ती काही मी हवेतून आणली नव्हती. हे आधी सांगून टाकते, कारण 'न्यूनगंड' एवढा एकच शब्द वापरून साहेबाला मोडीत काढणे फार सोपे आहे.

आमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात टोळ्या येतात, बीडकडून, नगरकडून. कालव्याच्या कडेला पालं पडतात. त्या टोळीचा मुकादम पाहिला की लोकांना तो क्रूर वाटतो. पहाटे चारला आरडाओरड, आजारी बाईलाही फडात पाठवणे, माणसांवर सतत नजर. तो क्रूर असतोही. पण त्याचा हिशेब पाहा. त्याने वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून उचल घेतलेली असते आणि ती कोयत्यामागे, म्हणजे जोडप्यामागे, आधीच वाटलेली असते. चार कोयते रात्रीतून पळाले तर ती रक्कम त्याच्या उरावर. त्याची जमीन, बैल, कधी घरसुद्धा त्यात अडकलेले असते. तो माणसांवर ओरडतो तेव्हा त्याच्या डोक्यात आकडे ओरडत असतात. ही भीती व्यवस्थेने दिलेली आहे. मुकादमाला नीतीचे पाठ देऊन ती जाणार नाही. उचलीची पद्धत बदलली तर कदाचित जाईल.

माझी भीती मुकादमासारखी आहे अशी मी स्वतःची समजूत घालत होते. ती तशी नव्हती.

आमच्या शाळेत एक तरुण शिक्षिका होती. मुले तिला 'छोटी बाजी' म्हणत, मीही इथे तेच म्हणते. पाचवीचा वर्ग तिच्याकडे होता. उर्दू शाळेतल्या मुलांचे मराठी कसे असते हे वाचकांना सांगायला नको. वाचतात, लिहितात, पण तोंड उघडायची वेळ आली की जीभ अडखळते, आणि पुढे तालुक्याच्या कॉलेजात गेले की मागच्या बाकावर बसतात. छोटी बाजीने परिपाठात मराठी वर्तमानपत्राचे मथळे वाचायला लावले. मग प्रत्येक मथळ्यावर एका मुलाने दोन वाक्ये बोलायची. चुकले तरी हसायचे नाही, असा नियम. तीन महिन्यांत ती पोरे बाजारभावापासून क्रिकेटपर्यंत बोलायला लागली. पालक येऊन सांगू लागले, "आमच्या मुलीला छोटी बाजीच्याच वर्गात ठेवा."

आता खरे सांगते. शाळेत मराठी हा माझा विषय. मी मराठीत लिहिते, चार ठिकाणी छापून येते, म्हणून पंचक्रोशीतल्या उर्दू शाळांमध्ये मला 'मराठीवाली आपा' म्हणतात. दहा-बारा वर्षे मी तो विषय शिकवते आहे. माझ्या हातून मुलांना कवितेचा अर्थ सांगता आला, निबंध लिहून घेता आले. बोलते मला करता आले नव्हते. ते तिने केले, आणि तेही माझ्या डोळ्यांसमोर, रोज सकाळी दहा मिनिटे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी वेळापत्रक बदलले. तिला पहिली दिली, पाचवीचे मराठी माझ्याकडे घेतले. सूचनावहीत कारण लिहिले: 'प्रशासकीय सोयीसाठी'. (या दोन शब्दांखाली महाराष्ट्रात किती अन्याय गाडले गेले असतील याचा कोणीतरी अभ्यास करायला हवा.) तालुक्याच्या एका प्रशिक्षणासाठी नाव पाठवायचे पत्र आले होते, तेही माझ्या खणात तारीख उलटेपर्यंत पडून राहिले. मुद्दाम ठेवले असे मी कोर्टात कबूल करणार नाही. पण विसरले असेही शपथेवर सांगू शकणार नाही. परिपाठातले मथळे आपोआप बंद पडले. मी 'बंद करा' असे म्हटले नव्हते. पण मुलांना आणि शिक्षकांना सगळे कळते.

याच दिवसांत मला बातम्यांची सवय लागली. दुपारचा चहा घेऊन आमचे शिपाई चाचा यायचे. मी सहज विचारल्यासारखे विचारायची, "चाचा, क्या चल रहा है स्टाफरूम में?" चाचा सांगायचे. अमुक सर म्हणाले, नव्या आपांना कारभार जमत नाही. छोटी बाजी म्हणाली, माझ्यावर जळतात. तमक्याने वर अर्ज करायचे ठरवले आहे. मी ऐकायचे आणि मनात ज्याच्या त्याच्या नावापुढे फुली मारायचे. चहा गोड लागायचा, हेही लिहायला हवे.

डिसेंबरच्या सुरुवातीला एक दिवस मी विचारले आणि चाचा गप्प उभे राहिले. मग कप उचलत म्हणाले, "आपा, सच बोलूँ? कल कोई कुच बोलेच नै. परसों बी नै बोले थे. तुम रोज पूछते, तो कुच ना कुच तो बोलना पडता ना."

मी त्यांना जायला सांगितले. आधी संताप आला: हा माणूस इतके दिवस मला खोटे सांगत होता! पाचवीच्या वर्गावर जाईपर्यंत तो संताप टिकला. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले तेव्हा जाणवले की चाचांना खोटे बोलायची गरजच नव्हती, मी रोज विचारले नसते तर. त्यांची नोकरीही माझ्या शेऱ्यावर. साहेबांना काय हवे ते त्यांनी ओळखले आणि पुरवले, जसा ते चहा पुरवत होते.

त्याच नाताळच्या सुट्टीत आम्ही घरचे लोक गुलबर्ग्याला दर्ग्याला गेलो आणि तिथून पुढे बिदरला. बिदर आज कर्नाटकात आहे, तरी बाजारात निम्मी बोली आपलीच कानावर पडते. तिथला महमूद गावानचा मदरसा मी पुस्तकात पाहिला होता. प्रत्यक्षात तो अर्धाच उभा आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी दारूच्या स्फोटात दर्शनी भागातला मोठा तुकडा आणि एक मिनार गेला. उरलेल्या मिनारावर निळ्या-हिरव्या फरशांचे काही तुकडे अजून चिकटून आहेत. १४७२ साली बांधलेली ही इमारत. तिथे उभी असताना मला गावान कसा मेला ते आठवले आणि हात आपोआप पर्सकडे गेला.

वाचकांपैकी पुष्कळांना ही हकिगत ठाऊक असेल, तरी सांगते. गावान इराणातल्या गिलानचा. व्यापारी म्हणून दख्खनेत आला आणि बहामनी दरबारात चढत चढत १४६६ मध्ये वजीर झाला. सुलतान तिसरा मुहम्मदशाह १४६३ मध्ये गादीवर आला तेव्हा नऊ-दहा वर्षांचे पोर होता. म्हणजे तो गावानच्या देखत, त्याच्या कारभारात वाढला. गावानने १४७२ मध्ये गोवा जिंकून दिला. राज्याचे चार तरफ मोडून आठ केले. पूर्वी तरफदाराच्या ताब्यात त्याच्या प्रांतातले सगळे किल्ले असत. गावानने एक किल्ला त्याच्याकडे ठेवून बाकीच्यांवर सुलतानाने थेट नेमलेले किल्लेदार बसवले. जमिनीची मोजणी सुरू केली. लक्षात घ्या, या सगळ्याने वजिराची ताकद वाढली नाही, सुलतानाची वाढली. दुखावले गेले ते मोठे सरदार.

त्या सरदारांपैकी काहींनी गावानच्या शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला फितवले, कोऱ्या कागदावर गावानची मोहोर उमटवून घेतली आणि त्यावर ओरिसाच्या राजाच्या नावे पत्र लिहिले: स्वारी करून या, राज्य वाटून घेऊ. ते पत्र सुलतानासमोर गेले. सुलतान मोहिमेवर कोंडापल्लीच्या छावणीत होता आणि नशेत होता. गावानला बोलावणे गेले. हितचिंतकांनी जाऊ नका म्हणून सांगितले, पळून जायचीही सोय होती, तो गेला. सुलतानाने विचारले, मालकाशी गद्दारी करणाऱ्याला काय शिक्षा? गावान म्हणाला, मृत्यू. मग पत्र दाखवले. मोहोर माझी आहे, पत्र माझे नाही, असे तो म्हणाला. सत्तरी उलटलेल्या त्या म्हाताऱ्याचे डोके तिथल्या तिथे उडवले गेले. ५ एप्रिल १४८१. नंतर त्याची संपत्ती जप्त करायला गेले तर फारसे काही हाती लागले नाही. चटईवर झोपणारा, मातीच्या भांड्यात शिजवून खाणारा, स्वतःच्या छोट्या व्यापारावर घरखर्च भागवणारा माणूस, असे फरिश्ता लिहितो. फरिश्ता सव्वाशे वर्षांनी लिहीत होता, थोडा रंग भरला असेल. पण सुलतान पुढच्याच वर्षी, १४८२ मध्ये, तिशीही न गाठता मेला, आणि शेवटी शेवटी 'गावान मला मारतो आहे' म्हणून ओरडत असे, हेही त्यानेच नोंदवले आहे. पुढच्या दहा वर्षांत राज्याचे तुकडे पडायला लागले. कटातला प्रमुख म्हणून ज्याचे नाव येते तो मलिक हसन निजामुल्मुल्क १४८६ मध्ये बिदरमध्येच मारला गेला. त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, १४९० मध्ये निजामशाही उभी केली आणि अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, वसवले. आमचे बारामती-इंदापूर पुढे त्या निजामशाहीतच होते. म्हणजे बिदरच्या त्या कागदाचा फाटा आमच्या बांधापर्यंत आलेला आहे.

इतिहासाच्या तासाला आपण ही गोष्ट दख्खनी आणि आफाकी गटांचे भांडण म्हणून शिकवतो. ते बरोबरच आहे. पण मला आता दुसरा प्रश्न पडतो. ते पत्र सुलतानाला खरे का वाटले? फारसी पत्रलेखनावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाचे पत्र ते. अठरा वर्षे ज्याचे अक्षर आणि शैली पाहिली, त्याच्या पत्रातला फरक दिसू नये? एक रात्र थांबून त्या मोहोरवाल्या गुलामाला समोर उभे करता आले नसते? मला वाटते, सुलतानाच्या मनात ते पत्र आधीच लिहिलेले होते. लहानपणापासून ज्याच्या सावलीत वाढलो, ज्याच्यामुळे विजय मिळाले, ज्याला लोक मानतात, तो माणूस आपल्याला नको आहे, हे तो स्वतःशी बोलू शकत नव्हता. कोणीतरी कागदावर आणून दिले आणि त्याला सुटल्यासारखे वाटले. आमच्या चाचांनी मला हेच पुरवले होते. 'माझ्यावर जळतात' असे छोटी बाजी म्हणाली ही बातमी खोटी होती, मजकूर खरा होता.

सूरह हुजुरातमध्ये बातमी आली तर आधी खातरजमा करा असा हुकूम आहे, नाहीतर अजाणता कोणाला इजा कराल आणि मग पस्तावाल. हा हुकूम आपण बातमी आणणाऱ्याविरुद्धचा इशारा म्हणून वाचतो. मला तो आता ऐकणाऱ्याविषयीही वाटतो. खातरजमा करायला थोडे मोठे मन लागते, कारण तपासाअंती समोरचा निर्दोष निघाला तर आपल्याला त्याच्याशी जमवून घ्यावे लागते. भ्यालेल्या माणसाला तेच नको असते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. बलवान सहकाऱ्याला दूर करणे नेहमीच भित्रेपणा असतो का? हजरत उमर (रजि.) यांनी हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांना आधी सरसेनापतिपदावरून आणि काही वर्षांनी सैन्याच्या कामातूनच दूर केले. एवढा विजयी सेनानी! आजच्या भाषेत कोणी म्हणेल, वरिष्ठाला कनिष्ठाची लोकप्रियता सोसली नाही. मी बरेच दिवस या प्रसंगाशी झगडले, कारण माझ्या मनाला तो आधार म्हणून वापरायची घाई होती. पण फरक दिसतो. उमर यांनी प्रांतोप्रांती कळवले की खालिद यांना रागापोटी किंवा बेइमानीबद्दल काढलेले नाही. लोक त्यांच्यावर विसंबू लागले, विजय अल्लाहकडून येतो हे विसरू लागले, म्हणून काढले. चौकशी झाली ती चारचौघांत झाली. ती खालिद यांना बोचली, आणि बोचावी अशीच होती. विद्वान आजही त्यावर वाद घालतात. पण कारण उघड सांगितले आणि माणसाची इज्जत त्यातून बाजूला काढून ठेवली. इतिहासकार सांगतात की खालिद यांनी मरताना आपल्या मागची व्यवस्था पाहायचे काम उमर यांच्यावरच सोपवले. ज्याच्याविषयी मनात 'हा माझ्यावर जळला' असे असेल, त्याच्या हाती कोणी आपला वारसा देत नाही.

माझ्या 'प्रशासकीय सोयीसाठी'ला मी ही कसोटी लावून पाहिली. छोटी बाजीला समोर बसवून मी खरे कारण सांगू शकले असते का? 'तू माझ्या विषयात माझ्यापेक्षा बरे करते आहेस, म्हणून तुला पहिलीवर पाठवते.' हे वाक्य तोंडातून निघूच शकत नव्हते. तिथेच निकाल लागला.

दुसरा आक्षेप कारभाराचा. बातम्या न घेता राज्य कसे चालवायचे? सेल्जुकांचा वजीर निजामुल्मुल्क याने अकराव्या शतकात 'सियासतनामा' लिहिला. त्यात बादशहाने हेर ठेवावेत, चोहोकडून खबरा मागवाव्यात यावर चक्क प्रकरण आहे. मी ते आवडीने वाचले, कारण मला सुटका हवी होती. पण त्याचा रोख कशावर आहे? अंमलदार रयतेला छळतो का, दूर कुठे जुलूम होतो का, हे बादशहाला कळावे यावर. राज्याविरुद्धचा कटही कळावा असे तो म्हणतो, नाही असे नाही. पण माझ्या दुपारच्या चहाला ही इभ्रत देता येत नव्हती. पहिलीतल्या कोणत्या मुलाला डबा मिळत नाही, कोणती मुलगी गैरहजर आहे कारण आई तोडीला गेली म्हणून ती धाकट्याला सांभाळते, हे चाचांना ठाऊक होते. मी ते एकदाही विचारले नव्हते. माझे सगळे प्रश्न माझ्याविषयी होते.

आधुनिक अभ्यासकांनीही यात लक्ष घातले आहे. अमेरिकेतले नॅथॅनेल फास्ट आणि सेरेना चेन यांनी २००९ मध्ये असे दाखवले की अधिकार आणि 'आपण कमी पडतो' ही भावना एकत्र आली की माणूस हाताखालच्यांवर अधिक आक्रमक होतो. नुसत्या अधिकाराने किंवा नुसत्या कमीपणाने तेवढे होत नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन रुग्णालयांचा अभ्यास करायला गेल्या तर त्यांना उलटेच सापडले: चांगल्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या. चुका जास्त होत होत्या असे नव्हे, तिथे चूक बोलून दाखवायला कोणी घाबरत नव्हते. हे वाचून मी आमचे शेरेबुक काढून पाहिले. माझ्या पाच महिन्यांत एकाही शिक्षकाने एकही अडचण नोंदवलेली नव्हती. त्या स्वच्छ पानांचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

मग भीतीचा दोष कोणाचा? पद कच्चे ठेवणाऱ्या व्यवस्थेचा काही भाग आहेच, आणि तो मी सोडून देणार नाही. पूर्ण वेळ मुख्याध्यापक द्या, प्रभारींना निदान लेखी अधिकार द्या, ही मागणी मी करतच राहीन. पण पट घसरेल या भीतीने मी काही केले असते तर छोटी बाजीला पाचवीवर घट्ट बसवून ठेवले असते, तिच्यामुळे तर पट टिकत होता. मी उलटे केले. म्हणजे ज्या भीतीसाठी मी सरकारला दोष देत होते ती मला नव्हतीच. नोकरीच्या भीतीआड दुसरी भीती बसली होती: माझ्याविना शाळेचे आणि मराठीचे चालते, ही. त्या भीतीला कुठलीही संचमान्यता जबाबदार नाही. भीती मनात येणे माझ्या हातात नव्हते, हे मान्य. वहीत खोटे कारण लिहिणे माझ्या हातात होते. चहाबरोबर रोज तो प्रश्न विचारणेही.

जानेवारीत मी छोटी बाजीला बोलावले. भाषण तयार करून ठेवले होते, ते काही जमले नाही. "वेळापत्रक मी चुकीचे केले," एवढे म्हणाले. ती म्हणाली, "आपा, पहिलीची मुलं पण छान आहेत, वर्ष संपेपर्यंत राहू द्या." यात माफी होती की नकार, मला अजून ठरवता आलेले नाही. प्रशिक्षणाच्या पत्राविषयी मी तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत होतं." ते पत्र मेलवरही आले होते, सगळ्यांना.

जूनमध्ये तिला पाचवी परत दिली. एक वर्ष तिने ती शिकवली. मग लग्नानंतर तिची बदली झाली आणि ती सोलापूरकडे गेली. परिपाठातले मथळे मी आता स्वतः घेते. पाचवीतली एक मुलगी परवा कांद्याच्या भावावर दोन वाक्ये बोलायला उभी राहिली आणि पाच बोलली.

शिक्का आता कपाटात असतो, किल्ली आणखी एका शिक्षकाकडेही असते. चाचा चहा आणतात, मी कोण गैरहजर आहे ते विचारते. मात्र मी स्टाफरूमच्या दारात पाऊल ठेवले आणि आतले बोलणे एकदम थांबले, की अजूनही कान टवकारतात. गेल्या आठवड्यात असेच झाले. आत जाऊन बसले, डबा उघडला, कोणी काही बोलेना. शेवटी एक सर म्हणाले, "आपा, टीईटीचा फॉर्म भरायचाय, मिळून भरायचा का?" ते सगळे त्याच्याविषयीच बोलत होते. निदान ते तसे म्हणाले, आणि मी पुढे विचारले नाही.